बिनफुलाचा देठ

१

देठ जागेवर होता. सरळ, केसाळ, जांभळट, चांगला वीतभर. त्याच्या टोकावर फूल असायला हवं होतं आणि ते नव्हतं.

"बघितलंस?" ताई म्हणाली. "आता तूच सांग, मी उगाच आकांडतांडव करते का?"

ती आकांडतांडव करत नव्हती. केलं असतं तर बरं झालं असतं. माझी थोरली बहीण चिडली की आवाज खाली नेते, आणि आज तो इतका खाली गेला होता की मला कान पुढे करावा लागत होता. डोळ्यांवर ऑपरेशननंतरचा काळा चष्मा, आणि बाहेरून आल्यापासून चपलासुद्धा काढलेल्या नव्हत्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मलाही पूर्वी माहीत नव्हतं आणि त्यावाचून माझं काही अडलं नव्हतं. स्लिपर ऑर्किड म्हणजे असं फूल, ज्याची खालची पाकळी सपातेच्या पुढच्या भागासारखी फुगीर पिशवी होऊन बसते. एका देठाला एकच फूल, पण ते टिकतं दोन-दोन महिने. ज्या पानांच्या झुबक्यातून ते येतं तो झुबका पुन्हा जन्मात फुलत नाही. बाजूने नवा झुबका फुटणार, तो सावकाश वाढणार, मग त्याची पाळी. असला छंद धरायला माणसाकडे एक तर सहनशक्ती हवी, नाहीतर दुसरा काही उद्योग नको. ताई आणि भाऊजी, दोघांकडे सहनशक्ती होती.

भाऊजींनी दोन झाडांचा संकर करून एक नवीन झाड तयार केलं. बिया प्रयोगशाळेत पाठवल्या, इवलीशी रोपं परत आली, त्यातलं एकच जगलं. ते फुलेल तेव्हा कसं दिसेल हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण असं झाड आधी नव्हतंच. भाऊजी वाट बघत गेले. त्यानंतर ताई वाट बघत राहिली. यंदा कळी आली, उमलली, आणि तेव्हा कळलं की ताईला ती दिसतच नाही.

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत, वर्षानुवर्षं पिकवलेला. आम्ही सगळ्यांनी सांगून तोंडाची वाफ दवडली होती. पण त्या फुलासमोर उभी राहिल्यावर तिला नुसता एक मळकट पिवळा डाग दिसला, आणि ती स्वतः होऊन डॉक्टरांकडे गेली. म्हणाली, एक डोळा तरी लवकर करा, मला एक फूल बघायचंय.

ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काही आठवडे काचेच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही असं बजावलं. दमट हवा, कुजकी साल, बुरशी, काही नको. झाडं सुनेच्या ताब्यात गेली. आज सकाळी बंदी उठली. दवाखान्यातून ताई थेट खोलीत आली, नव्या डोळ्याने बघायला.

"तिने कापलं," ताई म्हणाली. "मी तोंडावर विचारलं. हो नाही, नाही नाही. गप्प बसली आणि बॅग काढली. रोज विचारत होते मी तिला, फूल कसं आहे. रोज म्हणायची, छान आहे."

आतल्या खोलीतून कपाटाचं दार लावल्याचा आवाज आला. संध्याकाळी टॅक्सी येणार होती, माहेरी जायला. मुलगा बोटीवर, भर समुद्रात, फोन लागेल तेव्हा लागेल. म्हणजे सून गेली की ताई या घरात एकटी, आणि मुलगा परत येईल तेव्हा त्याला बायको नाहीतर आई, अशी निवड. रागाने दाराबाहेर पडलेली बॅग परत आत यायला फार वेळ घेते. मी हे दुसऱ्यांच्या घरांत बघितलंय. आमच्या घरात बघायची माझी तयारी नव्हती.

मी जन्मभर विमा कंपनीसाठी दाव्यांची पाहणी केली. जळालेली गोदामं, बुडालेले ट्रक, चोरीला गेलेली आणि कधीच नसलेली यंत्रं. फूल हा माल नवीन होता, पण खोटं आणि खरं दोन्ही मी ओळखते.

"संध्याकाळपर्यंत वेळ आहे," मी म्हटलं. "तोवर कुणी कुणावर आरोप करायचा नाही. तू बाहेर जाऊन बस."

"माझ्या घरात मला बाहेर बसवतेस?"

"हो," मी म्हटलं. "आणि चपला काढ."

२

काचेची खोली म्हणजे मुळातली बाल्कनी, तिन्ही बाजूंनी काचा लावून बंद केलेली. पसरट थाळ्यांत खडे आणि पाणी, त्यांवर कुंड्या, कुंड्यांत माती नाहीच, झाडाच्या सालीचे तुकडे. एक छोटा पंखा, फवारणीची बाटली, पुसायची मऊ फडकी, पेल्यात उभे ठेवलेले दोन-तीन कुंचले. एका बाजूला एक काच नवी बसवलेली, तिच्या लांबीचा, म्हणजे काच पक्की करायच्या पुट्टीचा, वास अजून येत होता.

गोदाम जळालं की सगळे जळालेलं बघत बसतात. मी आधी न जळालेलं बघायची. आग कुठून आली ते तेच सांगतं. म्हणून मी भाऊजींच्या झाडाकडे पाठ केली आणि बाकीच्यांकडे बघितलं.

नुसत्या पानांची झाडं पुष्कळ होती. फुलाचे देठ मोजकेच. भाऊजींच्या झाडाखेरीज आणखी दोन देठ उभे होते आणि तेही बोडके. एकच फूल शिल्लक होतं, हिरवट पांढरं, त्या नव्या काचेला अगदी लागून. नुकतंच इस्त्री केल्यासारखं ताजं.

मग भाऊजींचा देठ. टोकाला सुरीची किंवा कात्रीची खूण नव्हती. टोकाखालचा भाग मला जरा जाड वाटला, पण तो मुळात किती जाड असतो हे मला कुठे ठाऊक. मी हात न लावता बाहेर आले.

सून पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या करत होती. ही पोरगी कृत्रिम दात बनवते. डॉक्टर माप घेतात, ही मेणात कोरून, साच्यात ओतून, घासून पुसून कवळी तयार करते. बोटं अशी की दोरा ओवताना सुईचं नाक दुखणार नाही.

"मावशी, तुम्हीही विचारणार का, मी कापलं का म्हणून?"

"नाही. मी विचारणार, भांडण कशावरून होतं. फुलाआधीचं."

"उजेडावरून. मला घरी काम आणायचंय. दातांचा रंग जुळवायला दिवसाचा चांगला उजेड लागतो, तो फक्त त्या खोलीत, खिडकीच्या बाजूला. एक टेबल मागितलं होतं. आई म्हणाल्या, झाडांचं काय करू, फेकू?"

"मग राग आला असेल."

"आला. म्हणून फूल तोडीन? बाबांच्या झाडाचं?" तिने घडी पुन्हा मोडली आणि पुन्हा घातली. "पाणी सांगितलं तसं घातलं. पानांच्या बेचक्यात थेंब राहिला तर टिपून घेतला. आणखी काय करायचं होतं मी?"

"मग फूल कुठे आहे?"

घड्या करणारे हात थांबले, आणि नजर, तिच्याही नकळत असेल, स्वयंपाकघराकडे गेली. मी उठले आणि फ्रिज उघडला. दुधामागे, अगदी खाली, दात ठेवायची असते तशी एक गुलाबी डबी होती. उघडली, तर ओल्या कापसावर भाऊजींचं फूल.

३

मी ती डबी टेबलावर ठेवली. ताई आत आली, डबीत बघितलं, आणि खुर्चीत बसली.

"लपवून ठेवलं होतं," ती म्हणाली. "माझ्याच फ्रिजमध्ये."

"जपून ठेवलं होतं," सून म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "ऑपरेशननंतर आठवडाभरात ते मान टाकायला लागलं. मग एका सकाळी कुंडीत पडलेलं मिळालं. आपोआप. मी हातसुद्धा लावला नव्हता. आणि डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? रडायचं नाही, डोळा चोळायचा नाही, टाके नसले तरी जखम आहे. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

काय केलं असतं ते आम्हा तिघींनाही माहीत होतं.

"म्हणून रोज छान आहे म्हणाले. आणि हे ठेवलं. म्हटलं, बरं वाटलं की निदान हे तरी दाखवू."

मला तिचं पटलं. पण पटणं आणि ठरणं यात फरक असतो, आणि ताई तर पटवून घ्यायच्या मनःस्थितीतच नव्हती. तिने एकेक शंका काढायला सुरुवात केली. नळाचं पाणी घातलं असेल. खिडकी उघडी टाकली असेल. तो काचवाला आला होता, त्याच्या लांबीचा उग्र दर्प बसला असेल. सून उभी राहून ऐकत होती. ऐकता ऐकता तिने घड्याळाकडे बघितलं, औषधाची बाटली आणली, ताईचा चष्मा काढला, डोळ्यात थेंब घातला, चष्मा परत लावला. ताईनेही न बोलता मान वर केली होती. एकीकडे भांडण चालू, दुसरीकडे थेंबही चालू. असं घर मोडू द्यायचं म्हणजे मूर्खपणा झाला.

"खोलीत आणखी कोण आलं होतं?" मी विचारलं.

"काचवाला, माझ्यासमोर. आणि जजसाहेब."

जजसाहेब म्हणजे समोरच्या दारातले शेजारी. न्यायालयाशी त्यांचा काही संबंध नाही. फुलांच्या प्रदर्शनात ते गुण देतात, म्हणून हे नाव. त्यांच्याकडेही स्लिपर ऑर्किड आहेत, आणि ताईच्या झाडांना ते नेहमी "बरी आहेत" म्हणतात. त्यांच्या तोंडी ती स्तुती असते, असं ताई सांगते. मला ते कंजूषपणाचं वाटतं.

"ते कधी आले?"

"ऑपरेशननंतर लगेच, तब्येत विचारायला. आई झोपल्या होत्या. मग म्हणाले, झाडं बघून येतो. बराच वेळ आत होते. मी डोकावले तर फुलावर वाकलेले." सुनेने थांबून आठवलं. "आणि मला बघून त्यांनी घाईघाईने काहीतरी खिशात टाकलं."

४

जजसाहेबांनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या गळ्यात दोरीने अडकवलेलं भिंग होतं. बहुतेक झोपतानाही काढत नसावेत.

"तुमच्या खिशात काय होतं?" मी विचारलं.

"कुठल्या खिशात?"

"माझ्या बहिणीच्या फुलावर वाकला होतात, त्या वेळच्या."

त्यांनी मला आत घेतलं, बसवलं, पाणी विचारलं, पाणी आणलं, पेल्याखाली ठेवायला चकती शोधली. माणूस इतका आदरातिथ्याला लागला की समजायचं, उत्तर अडचणीचं आहे. मी पाणी प्यायले आणि वाट बघत बसले.

"दात कोरायची काडी," शेवटी ते म्हणाले. "एक काडी आणि एक कागदाची पुडी. मला त्या फुलाचा पराग हवा होता. तुमच्या बहिणीकडे मागितला होता, त्या नाही म्हणाल्या. म्हटलं, थोडासा घेतला तर काय बिघडतं. हे चूक आहे, मला कळतं. तुम्ही सांगू नका, मीच सांगेन."

"म्हणजे घेतलात."

"नाही ना! तोच तर घोळ झाला. फुलाच्या मधोमध ढालीसारखी एक चकती असते. तिच्यामागे दोन बाजूंना परागाचे चिकट गोळे असतात, पिवळे, लोण्यासारखे. मी भिंगातून बघितलं तर एका बाजूचा गोळा जवळजवळ पुसलेला. माझ्याआधी कुणीतरी तिथे जाऊन आलं होतं. मी घाबरलो. काडी खिशात टाकली आणि निघालो."

"आणि हे कुणाला बोलला नाहीत."

"काय बोलणार? मी चोरी करायला गेलो होतो तेव्हा आधीच चोरी झालेली आढळली, असं?"

मी त्यांना भिंगासकट आमच्या टेबलाशी आणून बसवलं. काडी-पुडीचं त्यांनी बसता बसताच ताईला सांगून टाकलं, माफी तेवढी मागायची राहिली. त्यांनी डबीतलं फूल चिमट्याने उलटं केलं आणि बराच वेळ हूं हूं करत राहिले. मग मलाही बघायला लावलं. चकतीच्या मागच्या अंगाला, पिशवीकडे तोंड करून, एक गुळगुळीत बटणासारखा भाग होता. त्याच्यावर पिवळा लगदा फासलेला होता.

"पराग चोरलेला नाही," जजसाहेब म्हणाले. "लावलाय. इथेच." ते उठून काचेच्या खोलीत गेले. आम्ही सगळ्या मागोमाग. त्यांनी तो बोडका देठ दोन बोटांत अलगद धरला, आणि माझ्यासमोर पहिल्यांदाच तो माणूस हसला. "वहिनी, हे मेलेलं नाही. पराग लागला की या फुलांचं काम संपतं, मग ती गळून पडतात. आणि फुलामागचा हा भाग फुगायला लागतो. याची शेंग होणार. बिया धरतंय तुमचं झाड."

ताईने देठाला हात लावला. बोट वरखाली फिरवून बघितलं, आणि एकदम श्वास सोडला. सकाळपासून तो तिने धरूनच ठेवला असावा. तिच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं मला मागून दिसलं. मलाही इतकं हलकं वाटलं की मी तिथल्या उलट्या घातलेल्या बादलीवर बसून घेतलं.

पण ते फार वेळ टिकलं नाही.

"म्हणजे कुणीतरी मुद्दाम लावला," ताई वळून म्हणाली. "मी नीट बघायच्या आधी. असल्या कामाला बारीक हत्यारं लागतात. ह्यांच्याकडे काडी होती, ते कबूल झाले. पण त्यांच्या आधी कुणीतरी केलं होतं. या घरात दात कोरायची हत्यारं कुणाकडे आहेत?"

सून बाहेर गेली. थोड्या वेळाने बॅगेची चाकं फरशीवरून गेल्याचा आवाज आला.

५

मी बादलीवरच बसून राहिले आणि ताईला मुढ्यावर बसवलं. जजसाहेब जायला निघाले होते, त्यांनाही थांबवलं.

"न जळालेलं बघायचं," मी म्हटलं.

"काय?"

"ते हिरवं फूल. ते का नाही गळलं?"

मी सुनेला हाक मारली. ती दारात येऊन उभी राहिली, आत आली नाही.

"बाकीची दोन फुलं कधी गळली?"

"त्याच सुमारास. एकेक करून. ती जुनीच होती, मला वाटलं वय झालं."

"आणि हे हिरवं कधी उमललं?"

"ऑपरेशनच्या दिवशी संध्याकाळी. आम्ही दवाखान्यातून परत आलो. आईंनी किल्ली दिली, मी पाणी बघायला आत आले, तेव्हा ते उघडत होतं. सकाळपर्यंत पूर्ण उमललं."

"बाकीची तीन त्याआधीची?"

"हो."

मी जजसाहेबांकडे वळले. "भिंग घ्या. त्या दोन देठांना हात लावून बघा."

त्यांनी बघितलं. दोन्ही देठ टोकाखाली फुगलेले निघाले. दोन्हीत शेंगा धरत होत्या. ते माझ्याकडे असे बघायला लागले जणू मीच काही जादू केली होती.

"आता नीट ऐक ताई," मी म्हटलं. "पाणी वाईट असतं तर ते हिरव्यालाही बाधलं असतं. लांबीचा वास असता तर सगळ्यात आधी त्यालाच, ते काचेला चिकटून आहे. म्हणजे काचवाला सुटला. जजसाहेबांना फक्त एक फूल हवं होतं, बाकीची दोन त्यांच्या दृष्टीने बरीसुद्धा नाहीत. आणि मुद्दाम वाकडेपणा करायचा असता, तर कुणी बाजारातल्या साध्या झाडांवर कशाला वेळ घालवेल? जे काही झालं ते उमललेल्या प्रत्येक फुलाला झालं. तेव्हा कळी असलेलं एकच वाचलं. म्हणजे ते झालं हिरवं फूल उमलायच्या आधी. ऑपरेशनच्या दिवशी संध्याकाळच्या आधी."

"त्या दिवशी ही माझ्याबरोबर दवाखान्यात होती," ताई सावकाश म्हणाली.

"सकाळपासून. आणि तोवर खोलीची किल्ली कुणाकडे असायची?"

ताईचा हात कमरेकडे गेला. ती किल्ली ती कमरेला लावून हिंडायची. खोलीत दुसऱ्याला पाय टाकू द्यायची नाही, हे बिल्डिंगमधल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

मी पेल्यातला सगळ्यात मऊ कुंचला उचलला. "दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी तू इथे काय केलंस?"

"काय करणार? पाणी घातलं. पानं पुसली." तिचा आवाज बारीक होत गेला. "फुलं साफ केली. पिठ्या ढेकूण असतो ना, कापसासारखा पांढरा, तो फुलात जाऊन बसतो, अगदी मागच्या फटीत. डोळ्याला दिसत नव्हता. म्हणून मी प्रत्येक फुलात कुंचला आत घालून..."

६

मी कुंचला तिच्या हातात दिला. त्याचे केस टोकाला चिकटून कडक झाले होते.

ताईने काळा चष्मा काढला. आधी नव्या, ऑपरेशन झालेल्या डोळ्यावर हात धरला आणि जुन्या डोळ्याने कुंचला बघितला. "स्वच्छ दिसतोय," ती म्हणाली. मग हात दुसऱ्या डोळ्यावर नेला.

"पिवळा आहे," ती म्हणाली. "पिवळा धमक आहे गं."

मोतीबिंदू झालेल्या डोळ्याला सगळं जगच पिवळट दिसतं. त्यात लोण्यासारखा पिवळा लगदा कुठे दिसणार. एका फुलातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, तिने आपल्या हातांनी मन लावून पराग फासला होता. कुणा ऐऱ्यागैऱ्याकडून हे झालंच नसतं. फुलाच्या इतक्या आत जाऊन ढेकूण शोधायला इतकी माया लागते.

जजसाहेबांना वेगळीच काळजी पडली होती. "पण मग कुठल्या फुलाचा पराग कुठल्या फुलावर? बिया पाठवताना आईचं नाव लिहाल. बापाचं काय लिहिणार?"

"तुम्ही घरी जा," मी म्हटलं. "आणि तुमची ती माफी उद्या मागा."

ते गेले. खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला. बाहेरच्या खोलीत सून बॅग धरून उभी होती, पायात चपला. तिला सगळं ऐकू गेलं असणार, पण ती हलली नव्हती. मी मध्ये पडायच्या बेतात होते, मग गप्प राहिले. काही कामं नातेवाइकांनी करायची नसतात.

ताई तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"माझ्या हातून झालं," ती म्हणाली. "आणि मी ते तुझ्या माथी मारलं. तुला तोंड उघडायला जागा ठेवली नाही. माझं चुकलं."

सुनेने मान हलवली. "मी पण खोटं बोलत होते. रोज."

"ते माझ्यासाठी."

"तरी खोटंच ना."

दोघी आपापल्या जागी. बॅगेवरचा हात काही सुटला नव्हता. मला वाटलं, एवढ्याने भागणार नाही, आणि ताईलाही तेच वाटलं असावं. तिने घसा साफ केला.

"आणखी एक आहे. खिडकीकडची बाजू तू घे, तुझ्या टेबलाला. या झाडांना तेवढा उजेड लागत नाही. जंगलात सावलीत वाढणारी आहेत ती. कोपऱ्यात जास्त बरी राहतील."

"हे तुम्हाला आज कळलं?"

"नाही," ताई म्हणाली. "पहिल्यापासून माहीत होतं. मी बोलले नाही एवढंच. त्या खोलीत दुसरं कुणी नको होतं मला."

सून तिच्याकडे बघतच राहिली. सकाळच्या आरोपाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, ते आता आलं, आणि त्याच वेळी हसूही फुटलं. "आई, हे मात्र फार झालं. हा हिशोब मी तुमच्याकडून वसूल करणार."

"कर," ताई म्हणाली. "इकडे ये जरा. उजेडात उभी राहा."

तिने सुनेचा दंड धरून तिला खिडकीशी नेलं आणि तोंड वर करून बघितलं. कपाळ, नाक, हनुवटी, एखादी पोथी वाचावी तसं सावकाश. लग्न होऊन ही मुलगी या घरात आली तेव्हाही ताईच्या डोळ्यांवर जाळी होतीच. मला ते तोवर सुचलं नव्हतं.

"तुझ्या भुवईत तीळ आहे," ताई म्हणाली.

"लहानपणापासून आहे."

"मी कधी बघितलाच नाही. तुला पसंत केली ती आवाजावरून म्हणायची."

"मग आता? नापसंत?"

"छे," ताई म्हणाली. "छान आहेस. चांगली छान आहेस गं तू." आणि मग ती रडायला लागली. सून तिला रडू नका, डोळा चोळू नका म्हणत स्वतःच रडत होती, आणि दोघींनी एकमेकींना असं धरलं होतं की मला पुढे व्हायला वाव उरला नाही.

खाली हॉर्न पुन्हा वाजला. मी माझी पिशवी घेतली, बॅग ओलांडून दार ओढून घेतलं आणि जिना उतरले. टॅक्सीवाला वैतागला होता. मी मागे बसले आणि माझ्या घरचा पत्ता सांगितला.

"मोठी बॅग आहे म्हणाले होते," तो म्हणाला.

"ती वरच राहणार आहे," मी म्हटलं. "चला."